‘स्वदेस’मधील दिवा आणि चूल : एक चिकित्सा

१

आशुतोष गोवारीकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्वदेस’ हा हिंदी चित्रपट १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला. आरंभी त्याला बेताचेच यश मिळाले. पुढे मात्र त्याची गणना गंभीरपणे पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांत होऊ लागली. त्याच्यावर झालेले लेखन बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरते. परदेशी स्थायिक झालेल्या सुशिक्षित भारतीयाचे मायदेशाशी नाते काय, हा पहिला प्रश्न. आणि जातिभेदाने व आळसाने ग्रासलेल्या खेड्याला जाग कशी यावी, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न चित्रपटात निश्चितपणे आहेत. परंतु ज्या घटनेवर चित्रपटाचे कथानक कळसाला पोहोचते ती घटना विजेची आहे. चरणपूर नावाच्या खेड्यात ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण होते आणि घराघरात दिवे लागतात. या घटनेचा विचार करताना समीक्षक तिला प्रतीक मानून पुढे जातात. विजेला विजेचा म्हणून जो अर्थ आहे, म्हणजे ती कोणाच्या घरात, कोणत्या कामासाठी, किती आणि किती वेळ येते, तो अर्थ त्यामुळे बाजूला पडतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू या दुसऱ्या अर्थाच्या अंगाने चित्रपटाची चिकित्सा करण्याचा आहे. ग्रामीण वीजपुरवठ्यासंबंधी काही गोष्टी ‘स्वदेस’ने अतिशय सूक्ष्मपणे पाहिल्या आहेत, आणि त्या शासकीय व्याख्यांनाही दीर्घकाळ पकडता आल्या नव्हत्या. त्याचबरोबर खेड्यातील घराच्या ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे चूल, त्याच्या दृष्टीतून पूर्णपणे निसटला आहे. हे यश आणि ही उणीव या दोहोंचे मूळ एकच आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

कथानक सर्वपरिचित असल्याने त्याची रूपरेषा थोडक्यात देणे पुरेसे होईल. मोहन भार्गव हा अमेरिकेतील ‘नासा’ या अंतराळ संस्थेत काम करणारा अभियंता आहे. लहानपणी आपला सांभाळ करणाऱ्या कावेरी अम्मांना बरोबर नेण्यासाठी तो भारतात येतो. त्या चरणपूर या उत्तर प्रदेशातील काल्पनिक खेड्यात गीता या शिक्षिकेच्या घरी राहत असतात. तेथील वास्तव्यात गावाची शाळा, जातींची उतरंड आणि दारिद्र्य यांचा त्याला परिचय होतो. अखेरीस गावकऱ्यांच्या श्रमातून तो एक लहान जलविद्युत् प्रकल्प उभा करतो, अमेरिकेस परत जातो, आणि तेथे मन न रमल्याने पुन्हा चरणपूरला येतो. चित्रीकरणापुरते बोलायचे तर हे उत्तर प्रदेशी खेडे वस्तुतः सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या मेणवलीत साकारले आहे.

प्रथम लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चरणपुरात वीज मुळात आलेलीच नाही असे चित्रपट कोठेही म्हणत नाही. गावात तारा आहेत, दिवे आहेत. वीज येते आणि जाते. ती केव्हा जाईल याचा नेम नाही आणि केव्हा येईल याचा त्याहून नाही. गावाने या स्थितीशी इतके जुळवून घेतले आहे की, वीज गेल्याचे आश्चर्य एकट्या पाहुण्यालाच वाटते. हे चित्रण वरवर साधे दिसते. परंतु ज्या काळात ते केले गेले तो काळ ध्यानी घेतला म्हणजे त्याचे महत्त्व कळते.

१९९७ पर्यंत शासनाच्या लेखी एखादे गाव विद्युतीकृत ठरण्यास त्याच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असणे पुरेसे होते. गावठाणापासून दूर, शेतातील एका पंपापर्यंत तार पोहोचली की गावाच्या नावापुढे खूण होत असे. १९९७ मध्ये ही व्याख्या थोडी कडक झाली आणि विजेचा वापर वस्तीच्या ठिकाणी व्हावा अशी अट आली. फेब्रुवारी २००४ मध्ये ती पुन्हा बदलली. वस्तीमध्ये तसेच दलित वस्तीत रोहित्र व वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज असावी, आणि गावातील किमान १० टक्के घरांना जोडणी असावी, असे तिचे स्वरूप झाले. म्हणजे ‘स्वदेस’ ज्या वर्षी प्रदर्शित झाला त्याच वर्षी विद्युतीकृत गावाची व्याख्या नव्याने लिहिली गेली.

या तिन्ही व्याख्यांत पुरवठ्याच्या तासांचा उल्लेख नाही. तार, रोहित्र, जोडणी या मोजता येणाऱ्या वस्तू आहेत; एकदा मोजल्या की त्या मोजलेल्याच राहतात. विजेचे येणे-जाणे हे मात्र रोजच्या अनुभवाचे आहे. २००४ च्या व्याख्येनुसारही चरणपूर बहुधा विद्युतीकृतच ठरले असते, आणि तरीही तेथील घरे बहुतेक संध्याकाळी अंधारात असती. कागदावर वीज असलेले पण प्रत्यक्षात तिच्यावर विसंबता न येणारे गाव चित्रपटाच्या मध्यभागी ठेवणे, ही गोवारीकरांच्या निरीक्षणाची मोठीच साक्ष आहे. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला तर या चित्रणाची सत्यता लवकरच पटली. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतरच्या काही वर्षांत ‘भारनियमन’ हा शब्द राज्याच्या ग्रामीण भागात पाऊस आणि बाजारभाव यांच्याइतकाच नित्याचा होऊन बसला होता.

३

अंधाराचा चित्रपटातील सर्वांत प्रभावी उपयोग उघड्यावरील चित्रपटाच्या खेळाच्या प्रसंगी झाला आहे. गावात ‘यादों की बारात’ हा १९७३ चा चित्रपट दाखविला जात आहे. मध्ये पांढऱ्या कापडाचा पडदा आहे. त्याच्या एका बाजूस गावातील वरच्या जातींची माणसे बसली आहेत. दुसऱ्या बाजूस, पडद्याच्या पाठीमागे, खालच्या मानलेल्या जातींची माणसे तेच चित्र उलटे पाहत आहेत. खेळ रंगात येतो आणि वीज जाते. मोहन मुलांना आकाशातील तारे दाखवू लागतो, त्यातून एक गीत फुलते, आणि गीताच्या ओघात तो पडदा मधून दूर होतो.

या प्रसंगाचे कौतुक बहुतेकांनी केले आहे, परंतु त्यातील विलक्षण विरोधाकडे क्वचितच लक्ष गेलेले दिसते. जोवर वीज होती तोवर भेद टिकून होता, किंबहुना विजेच्याच साहाय्याने तो नीटनेटका मांडला गेला होता. वीज जाताच माणसे एका आकाशाखाली आली. विजेच्या आगमनाने समता आपोआप येते, ही प्रगतीविषयीची भोळी समजूत या एका प्रसंगाने मोडीत निघते. जी वस्तू गावात येते ती गावातील विद्यमान वाटांनीच पसरते. पाणवठा ज्यांना वेगळा, त्यांना दिव्याची तारही शेवटी. २००४ च्या व्याख्येत दलित वस्तीचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यातच आधीच्या विद्युतीकरणाचा अनुभव साठलेला आहे. रोहित्र मुख्य गावठाणात बसे, गावाची गणना पूर्ण होई आणि वस्ती अंधारात राही. शासनाने जी गोष्ट व्याख्येतील एका कलमाने मान्य केली तीच चित्रपटाने कापडाच्या एका पडद्याने दाखविली. दोहोंना परस्परांचे ज्ञान असण्याचे कारण नाही. दोहोंसमोरचे वास्तव मात्र एकच होते.

४

‘स्वदेस’ हा विजेचा चित्रपट असला तरी त्याची बांधणी पाण्याची आहे, हे त्याच्या रचनेचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. मोहन अमेरिकेत ज्या प्रकल्पावर काम करतो तो पृथ्वीवरील पर्जन्याचे उपग्रहाद्वारे मापन करण्याचा आहे. असा प्रकल्प वास्तवातही होता. त्याचा मुख्य उपग्रह अमेरिका व जपान यांच्या सहकार्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये सोडण्यात आला. साऱ्या जगावर पडणारा पाऊस मोजू पाहणारा हा माणूस चरणपुरात येतो तेव्हा फिरत्या घराच्या मोटारीत राहतो आणि बाटलीबंद पाणी पितो. आपल्या घराची सोय त्याने बरोबर वाहून आणली आहे.

या बाटलीतून त्याला बाहेर काढणारा प्रसंग हरिदासच्या भेटीचा आहे. गीताच्या जमिनीचा खंड वसूल करण्यासाठी मोहन दूरच्या कोडी गावी जातो. हरिदास मूळचा विणकर. हातमागावर पोट भरेना म्हणून तो शेतीकडे वळला. जातीचा धंदा सोडल्याबद्दल गावाने त्याच्याशी व्यवहार तोडला आणि शेताला पाणी मिळू दिले नाही. पीक गेले, खंड कोठून द्यावा? परतीच्या प्रवासात एका लहानशा स्थानकावर एक मुलगा मातीच्या कुल्हडातून पाणी विकत असतो, आणि मोहन पहिल्यांदा ते पाणी घेऊन पितो.

या प्रसंगानंतरच प्रकल्पाचा विचार येतो, हा क्रम अर्थपूर्ण आहे. हरिदासच्या शेताला जे पाणी नाकारले गेले आणि ओढ्याच्या ज्या पाण्यावर पुढे सर्वांच्या घरात दिवा लागणार आहे, त्यांत फरक पाण्याचा नाही. ते वाटून घेण्याच्या रीतीचा आहे. ओढा अडविण्याच्या कामावर निरनिराळ्या जातींचे लोक एकत्र राबतात तेव्हा वीजनिर्मितीच्या आधी एक दुसरीच गोष्ट निर्माण होत असते. या ठिकाणी दिग्दर्शकाची पकड निर्विवाद आहे.

तांत्रिक दृष्टीनेही ही कल्पना हवेतली नाही. पाण्याचा प्रवाह आणि त्याच्या पडण्याची उंची यांच्या गुणाकारावर जलविद्युतेची शक्ती अवलंबून असते. सेकंदाला १०० लिटर पाणी २५ मीटर उंचीवरून पडत असेल तर त्यात सुमारे २५ किलोवॅट शक्ती असते. लहान यंत्रांतील घट वजा जाता तिच्यातून सुमारे १५ किलोवॅट वीज हाती येऊ शकते. ‘स्वदेस’च्या कल्पनेमागे ज्या प्रयत्नांचा आधार असल्याचे सांगितले जाते ते प्रयत्नही महाराष्ट्रातीलच होत. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील बिलगाव येथे २००३ साली ग्रामस्थांच्या श्रमदानातून सुमारे १५ किलोवॅटचाच सूक्ष्म जलविद्युत् प्रकल्प सुरू झाला होता. अमेरिकेत शिकून परतलेले अभियंते रवी कुचिमंची व त्यांच्या सहकारी अरविंदा पिल्ललमरी यांची नावे या कार्याशी निगडित आहेत.

बिलगावचा पुढचा इतिहास चित्रपटात येणे कालदृष्ट्या शक्य नव्हते; परंतु समीक्षकाला तो डावलता येत नाही. २००६ च्या पुरात हा प्रकल्प उद्ध्वस्त झाला. बिलगावचा परिसर नर्मदेच्या खोऱ्यातील आहे. त्याच खोऱ्यातील सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे. विस्थापनाचे दुःख सोसलेला आणि स्वतःच्या ओढ्यावर दिवा लावून पाहिलेला हा प्रदेश एकाच वेळी वीज देणारा आणि विजेची वाट पाहणारा होता. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हापासून महाराष्ट्रातील जलविद्युतेच्या इतिहासाला ही दुसरी बाजू आहे. चरणपूरचा लहानसा बंधारा कोणाचेही घर बुडवीत नाही. म्हणूनच तो इतका निर्मळ आनंद देऊ शकतो.

५

आता उणिवेकडे वळणे प्राप्त आहे. प्रकल्प पूर्ण होतो, पाणी सोडले जाते, यंत्र फिरते आणि गावात दिवे लागतात. दिग्दर्शक ही घटना माणसांच्या चेहऱ्यांवरून सांगतो. एका वृद्धेच्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड पडतो आणि तिच्या डोळ्यांतील विस्मय प्रेक्षकाला हलवून जातो. येथे वीज म्हणजे दिवा, हे समीकरण पूर्ण होते. त्या वृद्धेने आयुष्यभर ज्या चुलीपुढे बसून धूर गिळला, ती चूल दिव्याच्या या प्रकाशातही दिसत नाही.

खेड्यातील घराच्या ऊर्जेचा हिशेब मांडला म्हणजे हे वगळणे किती मोठे आहे ते स्पष्ट होते. वाळलेल्या एक किलो लाकडात साधारणपणे ४ युनिट विजेइतकी उष्णता असते. एखाद्या कुटुंबाने दिवसाला ५ किलो सरपण जाळले तर ती उष्णता २० युनिटांइतकी होते. पारंपरिक चुलीत तिच्यापैकी जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा भांड्याला मिळतो, बाकीची वाऱ्यावर आणि धुरात जाते. याच घरात ६० वॉटचे दोन दिवे संध्याकाळी पाच तास जळले तर त्यांना अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज पुरते. म्हणजे घरात खर्च होणाऱ्या ऊर्जेत दिव्याचा वाटा चुलीच्या तीसाव्या भागाइतकाही नाही. या तीस भागांसाठी रानात जाणे, मोळी बांधणे, ती डोक्यावरून आणणे, गोवऱ्या थापणे, फुंकणीने जाळ फुलविणे ही सर्व कामे घरातील स्त्रिया आणि मुली करतात.

आता चरणपूरच्या प्रकल्पाची शक्ती बिलगावइतकी, म्हणजे १५ किलोवॅट, आणि गावातील घरे १५० मानली तर प्रत्येक घराच्या वाट्याला १०० वॉट येतात. कमी वॉटच्या दोन दिव्यांना आणि एका लहान पंख्याला त्या पुरतात. परंतु विजेच्या शेगडीला दीड किलोवॅट लागतात. अशा दहाच शेगड्या एका वेळी पेटल्या तर सारा प्रकल्प त्यांतच संपेल. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ओढा रात्रंदिवस वाहतो. त्याची चोवीस तासांची वीज ३६० युनिटे होते, आणि ती दर घरी सुमारे अडीच युनिटे, म्हणजे भांड्याला प्रत्यक्ष लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपास, भरते. अडचण एकूण विजेची नाही, वेळेची आहे. स्वयंपाक सर्व घरांत एकाच वेळी होतो, आणि मध्यरात्री वाहणारे पाणी सकाळच्या भाकरीसाठी राखून ठेवता येत नाही. नेपाळमधील सूक्ष्म जलविद्युत् प्रकल्पांच्या संदर्भात ‘बिजुली डेकची’ हे कमी वॉटचे विजेचे भांडे पुढे आले ते याच अडचणीतून. थोड्या विजेवर ते सावकाश पाणी तापवीत राही. हा मार्ग सर्वत्र चालला नसेल; तथापि त्या प्रयत्नात चुलीचा प्रश्न विजेचा प्रश्न म्हणून निदान विचारला गेला होता.

चित्रपटात हा प्रश्न एकदाही विचारला जात नाही. आणि गंमत अशी की, चित्रपटभर स्वयंपाक आहे. कावेरी अम्मांच्या हातचे जेवण हे मोहनच्या जिव्हाळ्याचे एक ठळक चिन्ह आहे. मेलाराम हा तर स्वयंपाकीच, आणि अमेरिकेत ढाबा उघडण्याचे स्वप्न पाहणारा. हरिदासचे कुटुंब आपल्या अपुऱ्या अन्नातून पाहुण्याला जेवू घालते. अन्न येथे प्रेमाची, पाहुणचाराची, आठवणीची भाषा बोलते. ते शिजते कशावर, आणि ते सरपण कोणी आणले, हे मात्र कथानकाच्या कक्षेत येत नाही. अन्न प्रेमाचे झाले की त्यामागील श्रम दिसेनासे होतात, ही आपल्या ललित वाङ्मयाची जुनी खोड चित्रपटातही उतरली आहे.

याचे कारण दिग्दर्शकाची अनास्था नव्हे. पूर्वी ज्या गुणाची प्रशंसा केली त्यातच ते दडले आहे. ‘स्वदेस’ला वीज दिसते ती सार्वजनिक जागी: खेळाच्या मैदानात, पंचायतीच्या चर्चेत, ओढ्याच्या काठी. गाव एकत्र येते कसे आणि तुटते कसे, हा त्याचा विषय असल्याने जे चारचौघांत घडते ते तो अचूक टिपतो. चूल घराच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते. तिच्याभोवती सभा भरत नाही आणि ती पेटल्याने कोणाला विस्मय वाटत नाही. जो दृष्टिकोन पडद्याच्या दोन बाजू पाहू शकला त्याला उंबऱ्याच्या दोन बाजू पाहता आल्या नाहीत. गीतेसारखी स्वतंत्र बाण्याची, लग्नानंतर नोकरी सोडण्यास नकार देणारी नायिका असूनही हे घडावे, हे विशेष.

६

दुसरी उणीव काळाची आहे. दिवे लागताना पाण्याचा प्रवाह मध्येच अडतो, आणि मोहन स्वतः पाण्यात उतरून अडथळा दूर करतो. नायकाच्या देशप्रेमाचे हे दृश्य रूप म्हणून प्रसंग चांगला आहे. परंतु लहान जलविद्युत् प्रकल्प चालविणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की, पाणी घेण्याच्या तोंडाशी पालापाचोळा, वाळू आणि गाळ नित्य साचतो; पावसाळ्यात तर जाळी दिवसातून अनेकदा साफ करावी लागते. चित्रपटात जे काम एकदा, वीरकृत्य म्हणून होते, ते प्रत्यक्षात रोज करण्याचे, कंटाळवाणे आणि कोणीतरी नेमून द्यावयाचे काम आहे. ते कोण करील, त्याला मेहनताना कोण देईल, यंत्राचा भाग झिजला तर पैसा कोठून येईल, ज्याच्या घरी दोन दिवे आहेत आणि ज्याच्या घरी सहा, त्यांनी सारखीच वर्गणी द्यावी काय, या प्रश्नांची उत्तरे तर नाहीतच. पण असे प्रश्न आहेत याची जाणीवही चित्रपट देत नाही. दिवे लागताच मोहन अमेरिकेस परततो, आणि त्याच्या अनुपस्थितीत प्रकल्प कसा चालला हे प्रेक्षकाला कळत नाही. शेवटी तो परत येतो ते मनाच्या ओढीने. त्याच्या परतण्याने त्याचा प्रश्न सुटतो. जाळीचा प्रश्न तेथेच राहतो.

वस्तुतः अशा प्रकल्पाला कायद्याने वाट करून दिली होती. जून २००३ मध्ये अमलात आलेल्या विद्युत् अधिनियमाने, शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून ती वितरित करणाऱ्यास परवान्याच्या अटीतून सूट दिली. म्हणजे गावाने स्वतःची वीज स्वतः वाटावी ही कल्पना चित्रपटापूर्वीच अधिनियमात आली होती. उणीव होती ती रोजची व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेची, आणि तिचीच चर्चा चरणपूरच्या पंचायतीत व्हावयास हवी होती.

७

यावर असा आक्षेप येणे शक्य आहे की, चित्रपट ही कलाकृती आहे, ऊर्जाविषयक अहवाल नव्हे. सरपणाचा हिशेब तिच्याकडे मागणे रसिकतेला धरून नाही. हा आक्षेप सामान्यतः योग्य असला तरी ‘स्वदेस’च्या बाबतीत तो पुरता लागू पडत नाही. ज्या कृतीने आपला नायक अभियंता निवडला, जिने ओढ्यापासून दिव्यापर्यंतचा यांत्रिक मार्ग दाखविण्यासाठी पुष्कळ वेळ दिला, आणि जिने या यंत्रालाच कथेचे उत्तर मानले, तिने हा निकष स्वतःच पुढे ठेवला आहे. शिवाय येथे मागणी हिशेबाची नाहीच. एका वृद्धेचा चेहरा दाखविताना तिच्या मागची काजळलेली भिंत दिसली असती, तर कलेची हानी न होता सत्य वाढले असते.

आणि या वगळण्याचे परिणाम कलेपुरते राहत नाहीत. विजेची जी प्रतिमा लोकमानसात असते तीच धोरणातही उतरते, असे पुढील दोन दशकांच्या इतिहासावरून म्हणता येते. २००१ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातील ४३.५ टक्के घरे प्रकाशासाठी मुख्यतः वीज वापरीत होती. २०११ मध्ये हे प्रमाण ५५.३ टक्के झाले. ज्या उत्तर प्रदेशात चरणपूर कल्पिले आहे तेथील ग्रामीण भागात मात्र ते २०११ मध्येही केवळ २३.८ टक्के होते. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली, तिची जागा पुढे दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजनेने घेतली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे गाव जोडले गेले आणि देशातील सर्व वस्ती असलेल्या ५,९७,४६४ गावांत वीज पोहोचल्याचे शासनाने जाहीर केले. गावाकडून घराकडे वळणारी ‘सौभाग्य’ योजना त्याआधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, सुरू झाली होती. तिच्याखाली अडीच कोटींहून अधिक घरांना जोडण्या मिळाल्या. हे कार्य मोठे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

चुलीचा विचार स्वतंत्र खात्यात आणि उशिरा झाला. मे २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या दिल्या जाऊ लागल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींचा टप्पा गाठल्याचा समारंभ महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबाद येथे, झाला. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भागातील ९५.७ टक्के घरांत वीज होती, आणि स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे ४३.२ टक्के होती. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे दिवा आणि चूल यांतील अंतर होय. जोडणी मिळाली तरी दुसरे सिलिंडर भरून आणण्यास पैसा लागतो. सरपण मात्र घरातील स्त्रीच्या श्रमाने, म्हणजे घराच्या हिशेबी फुकट, येते. म्हणून गॅसची शेगडी आणि मातीची चूल पुष्कळ घरांत शेजारी शेजारी नांदतात. जोडणीची नोंद झाली म्हणजे वापर झाला असे मानणे, हा १९९७ पूर्वीच्या शेतातील पंपाचाच दोष नव्या रूपात होय.

८

एकंदरीत पाहता, ग्रामीण विजेच्या प्रश्नावर हिंदी चित्रपटसृष्टीने निर्माण केलेल्या कृतींत ‘स्वदेस’चे स्थान महत्त्वाचे आहे. वीज असणे आणि ती मिळणे यांतील भेद त्याने ओळखला. ती जातीच्या वाटेने जाते हे दाखविले. आणि पाण्याच्या वाटणीतून विजेच्या वाटणीकडे जाणारी सलग रचना उभारली. शासकीय व्याख्या ज्या गोष्टी कलमागून कलम जोडत शिकत होत्या त्यांपैकी काही त्याने दृश्यांतून सांगितल्या. परंतु प्रकाश हीच विजेची पूर्ण ओळख मानल्याने घराच्या आत तो फार दूर गेला नाही, आणि प्रकल्पाचा पहिला दिवस हाच शेवटचा मानल्याने काळातही फार पुढे गेला नाही. यापुढे या विषयावर जी कृती निर्माण होईल तिने दिवा लागण्याच्या क्षणापासून आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते. दिवा लागल्यानंतर त्याच घरात दुसऱ्या दिवशी पहाटे चूल कोण पेटविते, कशाने पेटविते, आणि ओढ्याच्या तोंडाशी साचलेला पाला काढायला कोण जाते, या साध्या प्रश्नांत तिला पुरेसे कथानक सापडेल.